ऊन आणि वारा : आपल्या गावाच्या कामाची वीज कोणती?

(सुलतानपूर, जि. बुलढाणा येथील वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



"सौर ऊर्जा श्रेष्ठ की पवन ऊर्जा?" असा विषय मला देण्यात आला आहे. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेला हा विषय चांगला शोभेल. चार मुले सूर्याची बाजू घेतील, चार मुली वाऱ्याची बाजू लढवतील आणि निकाल देताना परीक्षकांना घाम फुटेल. परंतु तेवढ्याने आपल्या घरातला दिवा लागत नाही आणि शेतातला पंपही चालत नाही. म्हणून मी प्रश्न थोडा बदलून घेतो. कोणती ऊर्जा कोठे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणाच्या कामाची, असा प्रश्न आज आपण विचारू या.

हा प्रश्न पुस्तकी नाही. तुमच्यापैकी पुष्कळांची घरे शेतीवर चालतात. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याचे दिवस म्हणजे ऐन थंडीचे दिवस. शेतीच्या वाहिनीला कित्येक वर्षे पाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरचा कर्ता माणूस हातात बॅटरी घेऊन ओलितासाठी निघतो. चिखलातून चालायचे, साप-विंचवाची भीती, उघड्या वायरची भीती, आणि इकडे घरचे लोक दाराकडे कान लावून बसलेले. सोबतीला शाळकरी मुलगा गेला असेल तर तो दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो. गुरुजी त्याला रागावतात. वीज किती आली यापेक्षा ती कोणत्या वेळी आली, यावर त्या मुलाचा अभ्यास अवलंबून असतो. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

जमाखर्चाचा हिशेब

आपल्या राज्यातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून येतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे कोळशावर चालणारे केंद्र आहे. तेथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे आणि चक्राने जनित्र फिरवायचे, अशी ही रीत. यात वाईट काही नाही, याच रीतीने आपल्या गावात दिवे आले. परंतु कोळसा म्हणजे वाडवडिलांनी पुरून ठेवलेले धन आहे. ते घडायला कोट्यवधी वर्षे लागली आणि जाळायला एक दुपार पुरते. शिवाय त्याचा धूर आणि राख आपल्याच श्वासात येते.

ऊन आणि वारा ही रोजची कमाई आहे. आज खर्च केली म्हणून उद्या कमी होत नाही. मात्र रोजच्या कमाईचा एक स्वभाव असतो, तो मजुरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कधी काम मिळते, कधी खाडा पडतो. म्हणून अशा कमाईवर संसार करायचा तर ती कोणत्या दिवशी येते आणि कोणत्या दिवशी येत नाही, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

तसे पाहिले तर वारा हे उन्हाचेच लेकरू आहे. सूर्य जमीन तापवतो, जमीन हवेला तापवते, तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला दुसरीकडची थंड हवा धावत येते. त्या धावण्याला आपण वारा म्हणतो. उन्हाळ्यात भारताची भूमी तापते म्हणूनच समुद्रावरून मोसमी वारे येतात. मूळ एकच, पण दोघांचे स्वभाव निराळे.

वाऱ्याचा स्वभाव

पवनचक्की ही युरोपची देणगी, असा समज आहे. परंतु इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवरील सिस्तान प्रदेशात वाऱ्यावर चालणारी जाती होती, याचा उल्लेख दहाव्या शतकातील भूगोलकार अल-इस्तखरी याने केला आहे. तेथे उन्हाळ्यात सलग चार महिने जोराचा वारा वाहतो. त्याला लोक "एकशेवीस दिवसांचा वारा" म्हणतात. लोकांनी मातीच्या उंच भिंती बांधल्या, मधल्या फटीतून वारा आत घेतला आणि उभ्या दांड्याला बांधलेली पाती फिरवून धान्य दळले. इराणच्या खोरासान भागात नश्तिफान या गावी अशा जुन्या पवनचक्क्या आजही उभ्या आहेत. या लोकांनी आपल्या प्रदेशाचा वारा ओळखला आणि जेथे वारा तेथे जाते नेले. वारा आपल्या दाराशी येईल म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत.

वाऱ्याचे गणित विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे असे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, ती आठपट होते. वेग तिप्पट झाला तर सत्तावीसपट. गणितात याला घन म्हणतात. सायकलवरून वाऱ्याच्या तोंडी जाऊन पाहा, वारा थोडा वाढला की पायातले त्राण कसे जाते ते कळेल. याचा उलटा अर्थही तितकाच खरा. वारा निम्मा झाला तर शक्ती आठवा हिस्सा उरते. म्हणून मध्यम वाऱ्याच्या गावी लावलेली चक्की चांगल्या वाऱ्याच्या चक्कीच्या निम्मी वीज देईल, अशी आशा धरणारा फसतो. साधारणपणे सेकंदाला तीन-चार मीटर वेग झाल्याशिवाय मोठी चक्की वीज द्यायला सुरुवातच करत नाही आणि पंचवीस मीटरच्या आसपास वादळी वारा झाला की स्वतःला जपण्यासाठी ती थांबते.

पाते जितके लांब तितकी कमाई जास्त. लांबी दुप्पट केली तर वारा पकडणारे वर्तुळ चौपट होते. आणि जमिनीपासून जितके उंच जावे तितका वारा मोकळा मिळतो, कारण खाली झाडे, घरे आणि टेकाडे त्याला अडवतात. म्हणूनच पवनचक्क्या इतक्या उंच असतात.

भारतात १९८६ मध्ये वाऱ्यापासून वीज करण्याचे पहिले प्रकल्प समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले. गुजरातेतील ओखा आणि तमिळनाडूतील तुतिकोरिन यांच्या जोडीला आपल्या कोकणातील रत्नागिरी होती. त्या चक्क्या ५५ किलोवॅटच्या होत्या. आज एकेक चक्की दोन-तीन हजार किलोवॅटची बसवतात. पुढे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावर सुमारे १,१५० मीटर उंचीच्या वनकुसवडे पठारावर चक्क्यांचे रानच उभे राहिले. एके काळी केवळ करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळी वारा एवढेच जेथे होते, तेथून वीज खाली येऊ लागली. राज्यातील पवन ऊर्जा मुख्यतः सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर, बीड अशा भागांत एकवटली आहे. कारण सरळ आहे, तेथे वारा अडवणारे कमी आणि वाट देणाऱ्या खिंडी व पठारे जास्त.

उन्हाचा स्वभाव

सूर्याच्या पट्टीला ना पाती, ना चाक, ना आवाज. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा असा घट तयार केला की त्यावर प्रकाश पडताच वीज वाहू लागली. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे ६ टक्के भाग विजेत बदलत होता. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पट्ट्या २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. सिलिकॉन हा वाळूत सापडणारा पदार्थ. प्रकाशाचा कण त्यावर आदळला की आतला इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि तारेतून धावू लागतो.

येथे आपल्या भागातील एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आमच्याकडे मे महिन्यात अंडे उकडेल इतके तापते, मग मेमध्ये सर्वांत जास्त वीज मिळेल," असे लोक म्हणतात. सौर पट्टीला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पट्टीचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला तिची शक्ती सुमारे ०.४ टक्के उतरते. मे महिन्याच्या दुपारी पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली तर सुमारे १६ टक्के शक्ती केवळ तापण्यात जाते. म्हणून पट्टी छपराला चिकटवून बसवू नये, खालून हवा खेळती ठेवावी. आणि धूळ पुसावी. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीचा थर बसायला आठवडाही लागत नाही. ऊन्ह चढण्याआधी सकाळी साध्या पाण्याने धुतले तरी पुरे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र ओतू नये.

सावलीचेही तसेच. पट्टीतले घट एका माळेत ओवलेले असतात. एका कोपऱ्यावर शेजारच्या टाकीची किंवा कडुनिंबाच्या फांदीची सावली पडली तर नुकसान त्या कोपऱ्यापुरते राहत नाही, सगळी माळ मंदावते. पाइपात एका जागी बोळा अडकला तर पुढचे पाणी कमी होते, तसेच हे.

आपले गाव सुमारे २० अक्षांशावर आहे. म्हणून पट्टीचे तोंड दक्षिणेला करावे आणि तिला साधारण तेवढाच कल द्यावा. विद्यार्थ्यांनी एक गंमत करून पाहावी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. अंगणात सरळ काठी रोवा आणि मध्यान्ही पाहा, काठीची सावली नाहीशी झालेली दिसेल. जुलैत ढगांनी परवानगी दिली तरच, हे सांगायला नको.

एका तालुक्यात दोघेही

आता या दोघांना शेजारी ठेवून पाहू. त्यासाठी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात जावे लागेल. त्या तालुक्यात ब्राह्मणवेल येथे राज्यातील मोठे पवनऊर्जा क्षेत्र आहे, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. एकाच तालुक्याने दोन्ही पाहुण्यांना जागा दिली आहे.

पहिला फरक जमिनीचा. सौर प्रकल्पाला एका मेगावॅटमागे सुमारे पाच एकर लागतात आणि ती जमीन पट्ट्यांनी झाकली जाते. पवनचक्कीचा पाया थोडी जागा घेतो, रस्ता आणि तारा थोडी घेतात, बाकी शेतात ज्वारी-बाजरी पूर्वीसारखी पिकू शकते. मात्र चक्कीचे अवाढव्य पाते डोंगरावर न्यायला रुंद रस्ता लागतो, मोठी यारी लागते आणि दुरुस्तीला शे-दीडशे फुटांहून उंच चढणारा माणूस लागतो. सौर पट्टी टेम्पोत बसते आणि शिडीवरून छतावर जाते.

दुसरा फरक कमाईचा. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. "अमुक मेगावॅटचा प्रकल्प" असे वर्तमानपत्रात येते तेव्हा तो हंड्याचा आकार असतो, त्यातले पाणी नव्हे. सूर्य रात्री नसतो आणि सकाळ-संध्याकाळ मंद असतो, म्हणून आपल्याकडे सौर प्रकल्प वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या सुमारे एक पंचमांश वीज देतो. एक मेगावॅटमागे वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट धरावेत. चांगल्या जागेवरची पवनचक्की एक चतुर्थांश किंवा त्याहून थोडी अधिक देते, म्हणजे बावीस लाख युनिट आणि वर. तेव्हा हंड्यामागे वारा थोडा पुढे आहे, पण "चांगल्या जागेवरची" हे शब्द विसरू नका. चांगले ऊन महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक गावाच्या वाट्याला आले आहे. चांगला वारा थोड्याच गावांच्या नशिबी आहे.

म्हणूनच देशाच्या पातळीवर सौर ऊर्जा वेगाने पुढे गेली. मार्च २०२५ अखेर भारतात सौर ऊर्जेची क्षमता सुमारे १०६ गिगावॅट आणि पवन ऊर्जेची सुमारे ५० गिगावॅट झाली होती. एक गिगावॅट म्हणजे एक हजार मेगावॅट. वाऱ्याने सुरुवात आधी केली, सूर्याने नंतर येऊन दुपटीने मजल मारली.

आषाढाची परीक्षा

मग वाऱ्याचे काम संपले काय? मुळीच नाही. तिसरा फरक महिन्याचा आणि वेळेचा आहे, आणि तोच सर्वांत मोठा.

आषाढ-श्रावणात आभाळ भरून येते. मार्च-एप्रिलच्या मानाने सौर वीज बरीच घटते. नेमके त्याच दिवसांत वनकुसवडेच्या आणि साक्रीच्या पठारांवर मोसमी वारा सुटलेला असतो. महाराष्ट्रातील पवनचक्क्या वर्षाच्या कमाईतला निम्म्याहून अधिक भाग पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत मिळवतात. शिवाय हा वारा सूर्य मावळला म्हणून घरी जात नाही, रात्रीही वाहतो. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा पडलेला असतो तेव्हा ऊन लख्ख असते. एक भाऊ आजारी असताना दुसरा कमावतो, असे हे घर आहे. ज्या राज्याजवळ दोन्ही आहेत त्याने एकालाच धरून बसणे शहाणपणाचे नाही.

तरीही असे दिवस येतात की दोघेही गप्प असतात. ढगाळ, निवांत संध्याकाळ घ्या. घरोघरी दिवे लागलेले, वारा नाही, ऊन नाही. त्या वेळेसाठी साठवण हवी. बॅटरी हा एक उपाय. दुसरा उपाय पाण्याचा. घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे, जेथे वीज उरते तेव्हा खालचे पाणी वरच्या तलावात चढवतात आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. डोंगराचीच बॅटरी केली म्हणा ना. ऊन आणि वाऱ्याची वीज जसजशी वाढेल तसतशी अशा साठवणीची गरज वाढेल.

एका अफवेविषयी

दुष्काळाच्या काळात सातारा-सांगलीकडे अशी समजूत पसरली होती की पवनचक्क्या ढगांना पळवून लावतात आणि त्यामुळे पाऊस पडत नाही. शेत वाळत असताना माणूस दिसेल त्याला दोष देतो, त्याला हसू नये. परंतु विचार करावा. मोसमी वाऱ्याचा प्रवाह काही किलोमीटर जाडीचा असतो आणि शेकडो किलोमीटर रुंद असतो. चक्कीची पाती त्याच्या अगदी तळाशी, शे-दीडशे मीटरांत फिरतात आणि तेथील वाऱ्यातलाही काही भागच घेतात. एखाद्या पूर आलेल्या नदीच्या काठावर आपण पाय बुडवून बसलो म्हणून नदी परत फिरत नाही. पाऊस चक्क्यांच्या आधीही दगा देत होता, आणि जेथे एकही चक्की नाही तेथेही देतो.

याचा अर्थ या ऊर्जांना काहीच दोष नाहीत असा नाही. पात्यांचा आवाज जवळच्या वस्तीला त्रास देतो. पात्यांचे साहित्य जुने झाल्यावर सहजासहजी पुन्हा वापरता येत नाही. सौर पट्ट्या पंचवीसेक वर्षांनी बाद होतील तेव्हा त्यांचा ढीग होईल. म्हणून केंद्र सरकारच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पट्ट्यांचाही समावेश केला आहे. खरे दोष ओळखावेत, खोटे दोष सोडून द्यावेत. तालीम घेतलेल्या माणसाची हीच खूण आहे.

आपल्या दारी काय?

आता सुलतानपुराकडे येऊ. माझे उत्तर स्पष्ट आहे. वस्तीत, झाडांच्या आणि घरांच्या मधोमध, छपरावर छोटी पवनचक्की बसवून बिल वाचवण्याच्या नादी लागू नका. वाऱ्याच्या घनाचे गणित तुम्हाला माफ करणार नाही. वारा आपल्याला तारेतून मिळेल, पठारावरून. ऊन मात्र आपल्या दारचे आहे.

प्रथम घर. छतावरच्या एक किलोवॅट पट्ट्यांना साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर रोज चारेक युनिट मिळतात. तीन किलोवॅटचे रोज बारा, महिन्याचे सुमारे साडेतीनशे. आपल्या बिलावरचे युनिट पाहा आणि तेवढेच बसवा, शेजाऱ्याने किती बसवले ते पाहू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तीत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले. घर स्लॅबचे आहे की टिनाचे, टिन किती जुने आहे, वादळात टिकेल असा सांगाडा मिळतो काय, हे आधी पाहावे. किंमत तीन ठिकाणी विचारावी आणि हमी कागदावर घ्यावी. अनुदानाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चालू नियम विचारावेत, दलालाच्या तोंडी हिशेबावर सही करू नये.

दुसरी शाळा. शाळेचे पंखे आणि संगणक दिवसा चालतात, सूर्यही दिवसाच कामावर असतो. शाळेच्या छताइतके सौर विजेला सोयीचे दुसरे छत नाही. मशिदीचे थोडे निराळे आहे. जोहर आणि असर उन्हात येतात, फज्र, मगरिब आणि इशा उन्हाबाहेर. तेथे नेट मीटर उपयोगी पडतो, म्हणजे दिवसा उरलेली वीज तारेत द्यायची आणि ती रात्रीच्या वापरातून वळती करून घ्यायची.

तिसरे शेत, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते. राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असे त्यात ठरवले. २०२४ मध्ये "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आली. शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. सूर्य उगवला की पंप चालू आणि मावळला की बंद. रात्री कोणाला शेतात जावे लागत नाही.

पण येथे एक इशारा देतो. ऊन फुकट आहे, पाणी फुकट नाही. बिल नाही म्हणून पंप दिवसभर सोडून ठेवला तर विहीर लवकर तळ दाखवील. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांपुरतेच साठते. सौर पंपाबरोबर ठिबक किंवा तुषार सिंचन आणि बांधबंदिस्ती केली तरच हा सौदा फायद्याचा. नाहीतर विजेची चिंता गेली आणि पाण्याची आली, एवढेच होईल.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

मुलामुलींनो, या कामात तुमच्यासाठी रोजीरोटी आहे. पट्ट्या बसवणारे, तारा जोडणारे, पंप दुरुस्त करणारे हात गावोगाव लागणार आहेत. आयटीआयमधून विद्युत शाखा शिकलेल्या मुलांना सौर कामाचे प्रशिक्षण देण्यासाठी "सूर्यमित्र" नावाचा सरकारी उपक्रम २०१५ पासून सुरू झाला. चक्कीवर चढणारा तंत्रज्ञ व्हायचे तर घर सोडून पठारावर जावे लागेल, सौर पंपाचा मिस्त्री गावात राहूनही पोट भरील. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नये. चांगली बॅटरी अजून कोणीतरी शोधायची आहे. तो शोध लावणारी मुलगी बुलढाणा जिल्ह्यातली का असू नये?

आणि एक काम मी तुम्हाला देऊन जातो. एक वही करा. वर्षभर रोज तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, आभाळ किती झाकलेले आहे आणि वारा कसा आहे ते लिहा. पाने हलतात की फांद्या हलतात, एवढे लिहिले तरी चालेल. चार वाट्या आणि दोन काड्या जोडून वारा मोजायचे भिरभिरे करता आले तर फारच उत्तम. वर्षाअखेर ती वही उघडा. आपल्या गावात ऊन किती दिवस होते, वारा किती दिवस होता आणि दोघेही नव्हते असे दिवस किती, हे तुम्हाला स्वतःच्या हस्ताक्षरात सापडेल. मग कोणी विक्रेता दारी आला आणि काहीही सांगू लागला, तर तुमच्या अब्बांना त्याच्यापुढे गप्प बसावे लागणार नाही.

पालकांना मी एवढेच म्हणेन. विजेच्या बिलात वाचलेला पैसा लगेच दिसत नाही, तो इकडेतिकडे खर्च होऊन जातो. तो वेगळा ठेवा. महिन्याला जेवढे वाचले तेवढे मुलाच्या आणि विशेषतः मुलीच्या पुढील शिक्षणाच्या नावाने टाका. छतावर पडणारे ऊन तिच्या वह्या-पुस्तकांपर्यंत पोचले तर त्या उन्हाचे चीज झाले असे मी समजेन.